तफावत दूर झाल्याबाबत

ड्रूखपान,
दि. ११ मार्च १९७४

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
वेतन व आस्थापना विभाग,
रुग्णालय प्रशासन, प्रांतिक मुख्यालय.

मार्फत : मा. मेट्रन, जिल्हा रुग्णालय, ड्रूखपान.

विषय : माझ्या व माझ्या थोरल्या बहिणीच्या वेतनातील तफावत आपल्या कार्यालयाने ज्या रीतीने दूर केली, ती रीत मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझा गेल्या वर्षीचा अर्ज. २) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर, ज्याच्या शेवटी "सबब अर्ज निकाली" असे लिहिले आहे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून मी, सिस्टर ओनालेन्ना रूथ मोखोसी, प्रसूती विभाग (गोरेतर), सविनय सादर करते की, माझा अर्ज निकाली निघालेला नाही. तो आता आमच्या घरात राहायला आला आहे. हे विधान आपणास उद्धट वाटण्याची शक्यता असल्याने झालेला प्रकार क्रमाने लिहिते.

१. सिस्टर हेस्टर फोर्टाइन आणि मी सख्ख्या बहिणी. आमचे वडील कै. आयझॅक त्लापाने जन्माने त्स्वाना जमातीचे आणि रेल्वेच्या रुळांवर कामाला. आई श्रीमती विल्हेल्मिना ही फोर्टाइनांच्या घरातली, म्हणजे सरकारी भाषेत मिश्रवर्णीय. त्या काळी आमच्याकडे पाद्री क्वचित फिरकत. त्यामुळे आई-वडिलांचे लग्न चर्चमध्ये लागण्याआधीच हेस्टर जन्मली आणि बाप्तिस्म्याच्या वेळी तिला आईचे आडनाव मिळाले. मी लग्नानंतरची, म्हणून मला वडिलांचे मिळाले; मोखोसी हे माझे सासरचे. हेस्टरने रंग आईचा उचलला आणि नाक वडिलांचे. मी नेमके उलट केले. वडील वारल्यावर आई हेस्टरला घेऊन आपल्या भावाकडे गेली आणि मला वडिलांच्या आईने आफ्रिकी लोकांच्या वस्तीतच ठेवून घेतले. पुढे सरकारने प्रत्येकाच्या नावे वंशाचे कार्ड काढले. कारकुनाने हेस्टरचे आडनाव विचारले, तोंडाकडे पाहिले आणि "मिश्रवर्णीय" असे लिहिले. माझे आडनाव विचारले, तोंडाकडे पाहिलेही नाही, आणि "बांटू" असे लिहिले, म्हणजे सरकारी भाषेत आफ्रिकी. आम्हाला वाटले, कागदच आहे, पेटीत पडून राहील.

२. दोघींनी परिचारिकेचे शिक्षण एकाच मिशनमध्ये घेतले. परीक्षा गोऱ्या मुली देतात तीच दिली. पुढे दोघी याच रुग्णालयात, याच विभागात लागलो, आणि एकाच दिवशी आम्हाला सिस्टर हा हुद्दा मिळाला. मेट्रनबाईंनी दोघींच्या खांद्यांवर फिती लावल्या आणि दोघींच्या हाती पत्रे दिली. पत्रांतला मजकूर सारखा होता, आकडे सोडून. मला जिथे तीन रँड, तिथे हेस्टरला साडेचार. याच हुद्द्यावर पलीकडच्या इमारतीतल्या गोऱ्या बाईंना आठ पडतात, हे सर्वांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

मी मेट्रनबाईंकडे गेले. त्या वाईट नाहीत. हा अर्जही त्यांच्याच हातून आपल्याकडे येतो आहे, हे लक्षात ठेवून मी लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "रूथ, हे मी ठरवत नाही. आणि जरा विचार कर, आफ्रिकी बाईचा खर्चच कमी असतो. तुम्ही लोक लापशीवर राहता."

मी म्हटले, "मॅडम, ड्यूटीचे पांढरे बूट मी कापडवाल्यांच्या रस्त्यावरच्या दुकानातून घेते. हेस्टर तिथूनच घेते, तुम्हीही तिथूनच घेता. मला मात्र तिथे बूट पायात घालून बघू देत नाहीत. माझा पाय गेलेला बूट दुसरं गिऱ्हाईक घेणार नाही, असं दुकानदार म्हणतो. किंमत तो पूर्ण घेतो."

"मग?"

"मग काही नाही, मॅडम. बूट चावतात."

त्या म्हणाल्या, तुला काय लिहायचे ते लिही, मी पुढे पाठवते. म्हणून मी लिहायला घेतले.

३. त्या अर्जात मी हेस्टरचे उदाहरण दिले, ते तिच्याच सांगण्यावरून. रविवारी जेवण झाल्यावर तिच्या स्वयंपाकघरात मी मसुदा वाचून दाखवला. मी तिला आउसी म्हणते. आमच्यात थोरल्या बहिणीला तसेच म्हणतात. मी म्हटले, "आउसी, तुझं नाव न घालता 'एक सहकारी' असं लिहिते."

ती भांडी विसळत होती. म्हणाली, "सहकारी कशाला? बहीण म्हणून लिही. लाजायचं काय त्यात? त्यांना म्हणावं, एकाच पोटातून आलेल्या पोरींना दोन भाव कसे?"

आई कोपऱ्यात बसून चहा पीत होती. ती म्हणाली, "माझं नावपण घाल. पोट माझं आहे."

म्हणून मी दोघींची नावे घातली, आई-वडिलांच्या लग्नाचा दाखला जोडला, आणि एकाच आईबापाच्या, एकच परीक्षा दिलेल्या, एकाच विभागात एकच काम करणाऱ्या दोन परिचारिकांना समान वेतन असावे, अशी विनंती केली. यापेक्षा सरळ विनंती मला आजही सुचत नाही.

४. पुष्कळ दिवस उत्तर आले नाही. मग एके दिवशी हेस्टरला बोलावणे आले. मला नाही, तिला. आणि आपल्या कार्यालयाचे नाही, वंशनोंदणी कार्यालयाचे. तिला वाटले, पगाराच्या कामासाठी कार्ड तपासत असतील. तिने इस्त्रीचा निळा झगा घातला आणि बॅगेत प्रमाणपत्रे घेतली.

प्रमाणपत्रे कोणी पाहिली नाहीत. तिथल्या अधिकाऱ्याने तिला खिडकीपाशी उभे केले. तोंड उजेडाकडे वळवायला लावले, कानाच्या पाळ्या पाहिल्या, नखे पाहिली. मग बसवून प्रश्न विचारले. तिने मला ते सगळे त्याच सुरात सांगितले आहेत.

"घरी मक्याची लापशी कशाने खाता? हाताने की चमच्याने?"

"गरम असली तर चमच्याने, साहेब."

"पेशंटची नाडी कुठल्या भाषेत मोजता?"

"घड्याळाच्या."

तो हसला नाही. त्याने माझा अर्ज बाहेर काढला, त्यातल्या "सख्खी बहीण" या शब्दांखाली रेघ ओढलेली होती, आणि विचारले, "हे खरं आहे?"

हेस्टर म्हणाली, "हो."

महोदय, तिने तिथे नाही म्हटले असते तर आज हा अर्ज लिहावा लागला नसता. एवढे सोपे होते ते.

५. त्यानंतर आपले उत्तर आले. ते येथे जसेच्या तसे उतरवते : "अर्जदाराने निदर्शनास आणलेली तफावत तपासण्यात आली. सिस्टर एच. फोर्टाइन यांची नोंद बांटू अशी दुरुस्त करण्यात आली असून, त्यांचे वेतन अर्जदाराच्या वेतनाइतके करण्यात येत आहे. तफावत दूर झाली आहे. सबब अर्ज निकाली."

हे मी पुन्हापुन्हा वाचले. व्याकरणाची एकही चूक त्यात नाही. मी समान वेतन मागितले होते आणि ते मिळाले. मी तक्रार करावी अशी कोणतीही जागा आपल्या कार्यालयाने त्यात ठेवलेली नाही, याची मला जाणीव आहे. तरीही मी तक्रार करीत आहे.

६. पगार ही त्यातली लहान गोष्ट होती. हेस्टर मिश्रवर्णीयांच्या वसाहतीत नगरपालिकेच्या घरात भाड्याने राहत होती, आणि आई तिच्यापाशी. घर हेस्टरच्या नावावर. कार्ड बदलताच नगरपालिकेची नोटीस आली की बांटू व्यक्तीला या वसाहतीत राहता येत नाही, महिनाअखेर जागा खाली करावी. आई मिश्रवर्णीयच राहिली होती, ती तिथे राहू शकली असती. पण तिला उत्पन्न नाही, आणि उत्पन्नाशिवाय घर नावावर होत नाही. म्हणजे ज्या मुलीच्या कमाईवर ती राहत होती तिला राहता येणार नव्हते, आणि जिला राहता येत होते तिला राहायला घर नव्हते.

शेजारच्या बायका हेस्टरबरोबर वर्षानुवर्षे चर्चला जात होत्या. त्या एकदम दारे लावून घ्यायला लागल्या. दुष्टपणाने नाही. त्यांच्याही घरांत कोणाची तरी आजी वस्तीतली आहे, आणि अधिकारी पुन्हा येईल अशी त्यांना भीती होती.

७. हेस्टर माझ्याशी बोलेनाशी झाली. एकाच विभागात, एकाच पाळीत, आणि शब्द नाही. रुग्णाची माहिती ती मला लहान मुलींमार्फत सांगे, म्हणजे शिकाऊ परिचारिकांमार्फत. मी समोर उभी असताना ती म्हणे, "सिस्टर मोखोसींना सांग, चार नंबरला कळा सुरू झाल्यात." मुलगी माझ्याकडे वळून म्हणे, "सिस्टर, चार नंबरला..." मी म्हणे, "ऐकलं."

अशात एक बाई आली. मूल पायाळू. डॉक्टर गोऱ्यांच्या इमारतीत अडकलेले. धड बाहेर आले आणि डोके अडकले. आता मध्ये मुलगी उभी करून बोलायची सोय नव्हती.

"वरून दाब," हेस्टर म्हणाली.

"दाबतेय."

"अजून. हळू. आता सोड."

"आउसी, निळं पडतंय."

"दिसतंय मला. सोड म्हणते ना, मला वळवू दे."

मूल निघाले, जरा वेळ गप्प राहिले आणि मग रडले. आई आणि मूल दोघेही व्यवस्थित घरी गेले, हे आपल्या माहितीसाठी. नंतर आम्ही एकाच बेसिनवर हात धूत होतो. हेस्टर नळाकडे बघत म्हणाली, "तुला सारखा पगार हवा होता ना? झाला सारखा."

मी म्हटले, "मला तुझ्याएवढा हवा होता."

"त्यांना ते कसं कळणार? तू फक्त सारखा म्हणून लिहिलंस."

पगाराच्या बाबतीत मला आजवर जेवढी उत्तरे मिळाली, त्यांत हे एकच बरोबर होते. म्हणून या अर्जाच्या शेवटी मी माझी विनंती अधिक काळजीपूर्वक लिहिली आहे.

८. या प्रकरणाचा विभागातल्या इतर परिचारिकांवर झालेला परिणामही आपणास कळवणे माझे कर्तव्य आहे. पूर्वी त्या माझ्याकडे येऊन म्हणत, "सिस्टर, आमच्यासाठीपण लिहा ना." आता मी पेन उघडले तरी त्या उठून जातात. एक मिश्रवर्णीय मुलगी, चांगली हुशार, मला चहा देता देता म्हणाली, "सिस्टर, लिहा तुम्ही. पण माझं नाव तेवढं घालू नका. तुम्ही ज्याचं नाव घालता त्याचा पगार उतरतो." सगळ्या हसल्या. मीही हसले.

त्यामुळे या अर्जात मी तुलनेसाठी कोणाचेही नाव देणार नाही. पलीकडच्या इमारतीतल्या गोऱ्या सिस्टरचे तर नाहीच. ती तरुण मुलगी आहे, नुकतीच लागली आहे, भेटली की स्वतःहून नमस्कार करते. तिचे नाव मी लिहिले आणि आपल्या कार्यालयाने तिच्याही कानाच्या पाळ्या पाहायला माणूस पाठवला, तर तिचे काय होईल याची मला खात्री देता येत नाही.

९. मी स्वतः वंशनोंदणी कार्यालयात गेले. ज्याच्यामुळे हे झाले तो अर्ज माझा, तेव्हा तो मीच मागे घेते, असे तिथल्या कारकुनाला सांगितले. कारकून पोरगेलासा, सभ्य. त्याने मला उभे ठेवले पण ऐकून घेतले. म्हणाला, "अर्ज मागे घेता येईल. पण त्यातून कळलेली माहिती कशी मागे घेणार? आता आम्हाला ती माहीत झाली ना."

"मग मलाच मिश्रवर्णीय करा," मी म्हटले. "आई तीच आहे. तफावत तशीही दूर होईल."

त्याने माझे कार्ड उलटसुलट करून पाहिले. "नवरा आफ्रिकी आहे. नाही होत. नवरा नसता तर बघता आलं असतं."

संध्याकाळी हे मी माझे पती ओडिरिले यांना सांगितले. ते रेल्वेच्या मालधक्क्यावर आहेत. जेवता जेवता म्हणाले, "झालीस तरी सांभाळून हो. उद्या माझ्याच घरी यायला मला तुझ्याकडून पास काढावा लागेल." मग घास तसाच ठेवून म्हणाले, "खरंच विचारलंस तू त्याला?"

मी हो म्हटले. तो घासही त्यांनी खाल्ला नाही. यापूर्वी त्यांना असे मी कधी पाहिले नव्हते आणि पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही. त्यामुळे ती मागणी मी येथे करीत नाही.

१०. निघताना त्या कारकुनाने मात्र एक मार्ग सांगितला होता. आवाज खाली आणून म्हणाला, "तुमची बहीण लग्नाआधीची आहे. तुमच्या आईने शपथेवर लिहून द्यावं की हिचा बाप दुसरा होता. कोणीतरी मिश्रवर्णीय माणूस. की हिचं कार्ड पूर्ववत, पगार पूर्ववत, घर पूर्ववत. लोक करतात असं."

महोदय, आमची आई अडुसष्ट वर्षांची आहे. चर्चमध्ये पुढून दुसऱ्या बाकावर बसते. एवढ्या वयात तिने सरकारी माणसासमोर बसून, आपण दुसऱ्याबरोबर राहिलो होतो, असे शपथेवर सांगायचे. आणि ते कशासाठी, तर तिच्या मुलीचा बाळंतपणे करण्याचा पगार साडेचारचा आठ व्हावा म्हणून नव्हे, तर तीनचा पुन्हा साडेचार व्हावा म्हणून. मला हे आईला सांगायचे नव्हते. पण नोटिशीची मुदत संपत आली होती, म्हणून मी हेस्टरच्या घरी गेले आणि हेस्टरला बाजूला घेऊन सांगितले. तिने ऐकले आणि मोठ्याने म्हणाली, "रस्त्यावर राहीन, पण आईला हे बोलायला लावणार नाही."

आई आतून म्हणाली, "तू कोण लावणारी? तोंड माझं आहे."

ती बाहेर आली आणि सगळे सविस्तर विचारून घेतले. मग म्हणाली, "लिहून देते. साहेबाला खोटं हवं असेल तर त्याला खोटं मिळेल. देवाला काय, खरं ठाऊकच आहे."

"आणि वडील?" हेस्टर म्हणाली.

"तुझा बाप हसेल. म्हणेल, विल्हेल्मिना, एवढ्या उशिरा?"

११. बुधवारी मी आईला घेऊन गेले. तिने काळी टोपी घातली होती, चर्चची. हेस्टर आमच्याबरोबर आली पण आत आली नाही; बाहेर बाकावर बसली. वाटेत आई काहीतरी पुटपुटत होती, मला वाटले प्रार्थना.

आत तोच कारकून होता. त्याने आईला खुर्ची दिली, हे मी नमूद करते. शपथ दिली, छापील कागद पुढे ओढला आणि म्हणाला, "हं, आया, सांग. हेस्टर फोर्टाइन या मुलीचा बाप कोण?"

आई ताठ बसली होती. तिने टोपी चाचपून पाहिली.

"नाव सांग, आया. घाबरू नकोस. इथून बाहेर जात नाही."

"आयझॅक," आई म्हणाली.

त्याने लिहिले. "आडनाव?"

"त्लापाने."

त्याचे पेन थांबले. "हा तर तुझा नवरा."

"हो."

"आया, आपलं काय ठरलंय? दुसऱ्या माणसाचं नाव सांगायचंय."

"मला माहीत आहे, बाबा. त्यासाठीच आले मी."

"मग सांग."

आईने बॅग मांडीवर सरळ केली. तिने माझ्याकडे पाहिले असते तर मी काय केले असते मला माहीत नाही, पण तिने पाहिले नाही. शेवटी म्हणाली, "आयझॅकच. लिही तू. दुसरं काही येत नाही मला."

कारकुनाने कागद बाजूला सारला. तो चिडला नव्हता, कंटाळला होता. म्हणाला, आठवले की परत ये.

बाहेर आल्यावर आई हेस्टरला म्हणाली, "नाही जमलं गं. मी चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या यानचं नाव ठरवून आले होते. मेला तो बिचारा, त्याला कोणी विचारायला जाणार नव्हतं. वाटभर पाठ केलं. पण त्याची बायको अजून रविवारी माझ्या शेजारी बसते." आणि मग ती रडली. आम्ही दोघींनी तिला वडिलांच्या दफनानंतर रडताना पाहिले नव्हते.

हेस्टर उठली. तिने आईची टोपी सरळ केली, बॅग आपल्या हातात घेतली आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून विचारले, "तुझ्या घरी दोन खाटा मावतील?"

"एक मावेल. दुसरी दाराला लागेल."

"मग दारातली माझी. पहाटेच्या पाळीला निघायला बरं."

१२. शनिवारी ओडिरिले यांनी मालधक्क्यावरची हातगाडी मागून आणली आणि सामान हलवले. शेजारच्या बायकांपैकी एकीने दार उघडले, आईला पावाची एक लादी दिली आणि लगेच दार लावून घेतले. आता हेस्टर बांटू म्हणून वस्तीत राहते ते नियमात बसते. आई मिश्रवर्णीय, तिला वस्तीत राहायला परवाना लागतो. दुसऱ्याच आठवड्यात वस्तीचा शिपाई दारात आला. आई भोपळा चिरत होती. त्याने कार्ड मागितले, पाहिले, आणि अवघडून म्हणाला, "माय, हे कार्ड इथलं नाही."

आई म्हणाली, "माझ्या दोन्ही मुली इथल्या आहेत. नवरा इथल्या मातीत आहे. मग मी कुठली ते तूच लिही."

तो सोमवारी परत येतो म्हणून गेला. अजून आलेला नाही.

१३. वरील सर्व परिस्थितीचा विचार करून आमची विनंती पुढीलप्रमाणे आहे. "आमची" असे लिहिते, कारण हा मसुदा मी वाचून दाखवला तेव्हा हेस्टरने तो माझ्या हातातून घेतला, काही ठिकाणी दुरुस्त केला आणि खाली सही करणार असे सांगितले. मी तिला आठवण करून दिली की माझ्या अर्जात नाव आले की काय होते. ती म्हणाली, "आता अजून कुठे उतरवणार आहेत मला?"

आम्हाला कोणाचे कार्ड बदलून नको आहे. हेस्टरला पुन्हा मिश्रवर्णीय करू नये आणि मला करू नये. मुलाचे डोके अडकते तेव्हा वरून दाबणारे दोन हात आणि खालून वळवणारे दोन हात, या चार हातांना एकच दर असावा. तोच दर मिश्रवर्णीय मुलींना आणि तोच आफ्रिकी मुलींना. आणि पलीकडच्या इमारतीत तेच काम करणाऱ्या हातांना जो दर मिळतो तो. तो दर वरचा आहे. आम्ही वरचा मागत आहोत. या वेळी हे स्पष्ट लिहिले आहे, जेणेकरून आपल्या कार्यालयाचा पुन्हा गैरसमज होऊ नये. कोणाचाही पगार कमी करून ही विनंती मान्य करू नये. तसे झाल्यास ती मान्य झाली असे आम्ही समजणार नाही, आणि पुन्हा अर्ज करू. विभागातल्या मुलींनी नावे दिलेली नाहीत, पण हेस्टर सही करते आहे हे कळल्यावर त्यांच्यापैकी कोणी खाली सह्या करतील किंवा नाही, ते त्यांचे त्या ठरवतील. मी कोणालाही सांगितलेले नाही.

१४. शेवटचा मुद्दा विनंतीचा नाही, माहितीचा आहे. आमची आई श्रीमती विल्हेल्मिना त्लापाने आमच्याकडे राहते आणि राहील. त्यासाठी आम्ही परवाना मागितलेला नाही व मागणार नाही. तिला तिथून हलवण्याचा आदेश कोणत्याही कार्यालयातून निघणार असेल, तर तो कृपया आम्हा दोघींच्या नावे काढावा, म्हणजे तो घ्यायला एकजण तरी घरी असेल. दुसरी आपल्या रुग्णालयात ड्यूटीवर असेल.

आपल्या रुग्णालयाच्या सेवेत असलेल्या व राहू इच्छिणाऱ्या,

(सही)
सिस्टर ओनालेन्ना रूथ मोखोसी

(सही)
सिस्टर हेस्टर फोर्टाइन, जन्माने त्लापाने